अंतरपाटाची तालीम

आमच्याकडे मुलीची आई लग्न लागताना पाहत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की ती तुळशीला पाणी घालत बसते. म्हणून भाचीच्या लग्नाआधी ताईनं मला बजावून ठेवलं, "अंतरपाट सरकला की पोरीचा चेहरा कसा होते, तेवढं मले पाह्यचं आहे. भाड्याच्या फोटोग्राफरले आपलं लग्न समजत नाही. तूच काढ."

झालं. दिवाळीत हौसेनं कॅमेरा घेतल्यापासून माझे फोटो एक तर हललेले, नाहीतर माणसाचं मुंडकं उडालेले. पण डोक्यात हवा जायला ताईचं तेवढं बोलणं पुरलं. राइट टाउनमधल्या माझ्या हिंदी शेजाऱ्यांच्या लग्नांत आगाऊपणे पुढे घुसून मी सराव केला. त्यांची जयमाला म्हणजे आरामाचं काम. नवरी हार उचलते, फोटोग्राफर म्हणतो, "एक बार और, दीदी," की ती पुन्हा उचलते. आपले भटजी कोणासाठी थांबत नाहीत. लग्न लागलं की लागलं.

म्हणून मग रांझीला ताईच्या घरी तालीम घेतली. पलंगावरची चादर हा अंतरपाट, तो धरायला दोन शेजारणी. एका बाजूला भाची आणि नवरदेव म्हणून समोर ताई. पहिल्या फोटोत माझं बोट आलं, दुसऱ्या वेळी लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं. ताई वैतागली, "आटप ना बाई, माझा कुकर लागून राहिला." शेवटचा फोटो निघाला तशी ती स्वयंपाकघरात पळाली. तो कसा आला हे मीही धड पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी बॅटरी भरलेली, जास्तीची पर्समध्ये, उभं राहायची जागा आदल्या दिवशीच हेरलेली. मी स्वतःवर जाम खूश होते. ताई हॉलच्या मागे तुळशीच्या कुंडीपाशी गेली, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि कोणीतरी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या. नको कशी म्हणणार?

शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट सरकला, बँड वाजला आणि मी दोन्ही हातांनी अक्षता उधळल्या. अगदी मन भरून. कॅमेरा पोटावर लोंबत होता. भानावर आले तोवर हार घालूनही झाले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "भटजी, एक बार और." भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कॅमेरा तोंडासमोर धरला, तेव्हा तरी तो कामी आला. मोबाइलवाल्यांच्या मुठीतही अक्षताच होत्या, आणि भाड्याचा फोटोग्राफर जयमालेची वाट पाहत निवांत लेन्स पुसत होता.

मला रडू फुटलं. तेवढ्यात ताई ओल्या हातांनीच आली. "दाखव."

"ताई, हुकलं गं. मी अक्षता टाकत बसले."

माझ्या गळ्यातला कॅमेरा तिनं ओढला, मीही सोबत वाकले. एकेक फोटो मागे नेत गेली. अंतरपाट, अंतरपाट, रिकाम्या खुर्च्या, आणि मग घरची चादर. ती जमिनीवर पडलेली, कडेला ताईचा खांदा, आणि समोर भाची, हसता हसता डोळे भरून आलेली.

ताईनं कॅमेरा आणखी जवळ ओढला.

"आन् मी त्या दिवशी कुकर कुकर करून राहिली होती," ती म्हणाली. मग पदरानं आधी कॅमेरा पुसला, नंतर डोळे. "अंतरपाट सरकल्यावर पोरीनं पहिले मलेच पाह्यलं."