दिलेला शब्द परत घेणारी बाय

माइक हातात आला की बाय आधी त्याच्यावर दोन बोटांनी टकटक करायची. मग तापलेला तवा धरावा तसा तो तोंडापासून हातभर लांब धरायची आणि म्हणायची, "आयका, मी बोलत्ये. खोटं निघालं तं मला धरा."

माइक जवळ धर, इतक्या लांबून आवाज जात नाही, असं मी तिला अनेकदा सांगितलं. पण तिचा आवाज जायचा. कर्ण्यातून नाही गेला तर नुसताच जायचा, पलीकडच्या टेकडीपर्यंत.

जव्हारात माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नं, पूजा, शाळेची संमेलनं आणि निवडणुका. निवडणुकीत जीपच्या टपावर दोन कर्णे बांधायचे आणि मशीन सांभाळायला मी स्वतः बरोबर जायचो. त्यामुळे सगळ्या पक्षांची सगळी भाषणं माझ्या कानांवरून गेली आहेत. त्यातलं एकही आज आठवत नाही. बायचं प्रत्येक वाक्य आठवतं.

आमच्याकडच्या पाड्यांवर घरात बोलतात ती बोली वेगळी. शाळेतली मराठी लोकांना कळते, पण ती कचेरीची भाषा. कर्ण्यातून 'बंधूंनो आणि भगिनींनो' ऐकू आलं की म्हातारी माणसं दार लोटून घ्यायची. जंगलखात्याचा कुणी आला असेल म्हणून. बायचा आवाज आला की तीच माणसं बाहेर येऊन ओट्यावर बसायची. जंगलजमिनीसाठी आणि रोजगार हमीच्या मजुरीसाठी मोर्चे काढणारी एक संघटना तेव्हा आमच्या भागात होती. पंचायत समितीला ती ज्या उमेदवाराला पाठिंबा देई, त्याचं नाव आणि चिन्ह पाड्यापाड्यावर बोलीत सांगायचं काम बायकडे असायचं. ती साखरशेतकडची. ठेंगणी, काटक, गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं. नवरा अबोल. तो भात आणि नाचणी बघायचा, ही माणसं बघायची.

एकदा ठाण्याहून एका मोठ्या पक्षाचे पुढारी मोखाड्याच्या बाजारात प्रचारसभेला आले. लोकांना कळावं म्हणून त्यांनी बायलाच स्टेजवर बोलावलं. ती संघटनेची आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढारी म्हणाले, "आम्ही या भागाचा सर्वांगीण विकास करू." बायने त्यांच्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि लोकांकडे वळून बोलीत म्हणाली, "हा सांगतोय, सगळ्यांचं अंग वाढंल. मी विचारते, खायाला काय देशील?" बाजार हसला. पुढाऱ्यांना वाटलं वाक्य आवडलं, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. तिनेही पुन्हा सांगितलं; पण या वेळी कुणी हसलं नाही. त्या वर्षी हातापायांच्या काड्या झालेली मुलं घराघरात होती. बायच्या आवाजातला राग तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आला.

त्या निवडणुकीत संघटनेचा उमेदवार होता एक तरुण मास्तर. आमच्याच डोंगरातला, नोकरी सोडून चळवळीत आलेला. बोलायला गोड, दिसायला साधा. पण संघटनेने ठरवलं म्हणून बाय लगेच नाव घेणारी नव्हती. पोशेऱ्याच्या बाजूला उंचावर एक पाडा आहे. तिथल्या बायका पाणी आणायला दरीतल्या झऱ्यावर उतरतात. बाय मास्तरला तिथे घेऊन गेली, झऱ्यावर उतरवलं आणि भरलेला हंडा त्याच्या डोक्यावर ठेवला.

"चढ," ती म्हणाली.

मास्तर चढला. घसरला, भिजला, अर्धं पाणी सांडलं, पण हंडा त्याने खाली ठेवला नाही. वर पोचल्यावर बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तोही हसला आणि बोलीत म्हणाला, "बाय, निवडून आलो तं पहिली विहीर या पाड्याला. दाराशी."

बायने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "चालू कर तुजी मशीन."

चिन्ह होतं कपबशी. आता ज्या घरांत चहा असला तर वाटीतून पितात, तिथे कपबशी ओळखायची कशी? बायने माझ्या घरातून एक खरी कपबशी मागून घेतली. ती घाटातल्या दुसऱ्याच वळणावर फुटली. बाय म्हणाली, "ऱ्हाऊं दे." त्यानंतर सगळ्या प्रचारात ती कपाचा तुटका कान हातात धरून दाखवायची: "ह्यो कान बघा. असा कान ज्या चित्राला हाय, त्याच्यावर शिक्का. पोरगा आपला हाय. हंडा वाहिला हाय त्याने. खोटं निघालं तं मला धरा."

मास्तर निवडून आला. बायने गुलाल लावून घेतला नाही. सकाळी उठून खळ्यावर भात झोडायला गेली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. अशी माणसं तुमच्याही तालुक्यात निवडून आली असतील. पहिल्या वर्षी मास्तरने मोटरसायकल घेतली. आम्ही म्हटलं, फिरायला लागते. दुसऱ्या वर्षी तो ठेकेदारांच्या गाडीतून दिसू लागला; आम्ही म्हटलं, कामं करून घ्यायची तर बसावं लागतं. विहीरही मंजूर झाली. त्या पाड्याच्या नावाची, पक्क्या बांधणीची, कठड्यावर मास्तरचं नाव कोरलेली. फक्त ती पाड्यावर नव्हती. खाली सडकेलगत मास्तरच्या सासऱ्याच्या शेतात होती. भोवती तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. सासऱ्याने मोगरा लावला होता. मोगऱ्याला पाणी पाजलं जात होतं आणि फुलं पहाटेच्या गाडीने मुंबईला जात होती. पाड्यावरच्या बायका त्या कुंपणाच्या बाजूने हंडे घेऊन पूर्वीच्याच दरीत उतरत होत्या.

बायला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं घर लांब होतं. तिला कळलं ते मोखाड्याच्या बाजारात. मी तिथे एका लग्नाची सुपारी घ्यायला गेलो होतो. त्या पाड्यावरची सोनी नावाची एक बाई गर्दीतून सरळ आली आणि तिने बायचा दंड धरला.

"तू बोललीस ना, खोटं निघालं तं मला धरा? धरली. सांग आता, विहीर कठं हाय?"

लोक जमले. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मी काय करू, मी का निवडून आले? बायने दंड सोडवला नाही. सोनी सांगत गेली, ती ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावर बाय म्हणाली, "धरलीस ते बरं केलंस," आणि बाजार न करताच परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. "गाडी कधी मोकळी हाय?"

"कुणाचा प्रचार? आता तर निवडणूक नाही."

"प्रचार नाय. शब्द दिला होता, तो परत घ्यायचा हाय. जिथं जिथं दिला, तिथं तिथं."

मी म्हटलं, पोलिसांची परवानगी लागेल. आम्ही दोघं परवानगी मागायला गेलो. निवडणूक नाही, लग्न नाही, मग स्पीकर कशाला, असं साहेबांनी विचारलं. बायने खरं कारण सांगितलं. परवानगी मिळाली नाही.

तिथून ती संघटनेच्या ऑफिसात गेली. मी बरोबर होतो. शहरातून आलेले, वर्षानुवर्षं खेड्यांत राहिलेले, पुस्तकं वाचलेले भले लोक होते ते. त्यांनी तिला चहा दिला, बसवलं. म्हणाले, "बाय, मास्तर चुकला हे खरं. पण तो आपला माणूस आहे. बाहेर बोललो तर आपलीच बदनामी होईल, विरोधकांचं फावेल. आपण त्याला आतून समजावू."

बायने कप बाजूला सारला. "तुमचं आतून चाललंय," ती म्हणाली, "आमची घागर भायेर हाय. त्याचं नाव कुणी घेतलं पाड्यावर? तुमी घेतलं? तुमची तोंडं तिथं कुणी वळखत नाय. माजं तोंड वळखतात. ते घाण झालंय."

चहा तसाच टाकून ती उठली. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाली, "तुजी मशीन ठेव घरात. गळ्याला परवानगी लागत नाय."

मग ती चालत निघाली. निवडणुकीत आमची जीप जिथे जिथे थांबली होती, त्या प्रत्येक पाड्यावर. चैत्राचं ऊन, डोंगर सोललेले. दुकान बंद असेल त्या दिवशी मीही जायचो. ती ओट्यासमोर उभी राहायची आणि सांगायची: "मी तुमाला कपबशी सांगितली होती. मी चुकली. त्याने विहीर सासऱ्याच्या शेतात नेली. माजा शब्द मी परत घेत्ये. आता तुमी आणि तो." इतकंच. कुठे लोकांनी पाणी दिलं, कुठे शिव्या. जामसरच्या पुढे एका पाड्यावर एक म्हातारा म्हणाला, "बाय, सगळेच खातात. तू कशाला उन्हात फिरतेस?" त्यावर ती इतकी भडकली की मला तिला बाजूला न्यावं लागलं. "सगळेच खातात म्हणून तर त्याला गोड लागतंय!" ती ओरडत होती. मास्तरवर नव्हती चिडली एवढी ती त्या म्हाताऱ्यावर चिडली होती. मग त्याच्याच ओट्यावर बसून तिने त्याच्या नातवाचं नाक पुसलं आणि विचारलं, "भाकरी हाय का रे, आजा?"

शेवटी ती पोशेऱ्याच्या पाड्यावर पोचली. तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं. बायका हंडे घेऊनच उभ्या होत्या. सगळ्या मिळून खाली विहिरीकडे निघाल्या, भर दुपारी. निरोप गेला असावा, कारण मास्तर मोटरसायकलवरून आला आणि फाटकाशी उभा राहिला. इस्त्रीचा सदरा होता.

"मास्तर," बाय बोलीत म्हणाली, "फाटक खोल."

"हे पाहा बाई," मास्तर पुस्तकी मराठीत म्हणाला, "तुम्ही समजून घ्या. या ठिकाणी तांत्रिक अडचण होती. पाड्यावर खडक लागला असता. योग्य त्या स्तरावर निर्णय झालेला आहे."

बायकांनी हंडे खाली ठेवले. मला वाटतं, विहिरीपेक्षा त्यांना त्याची ही कचेरीची भाषा जास्त लागली.

"बाई कुणाला म्हणतोस?" बाय म्हणाली. "आपल्या बोलीत सांग. मतं मागताना येत होती ना? ही माजी माणसं हायत. यांच्या बोलीत सांग, विहीर हितं का हाय?"

मास्तरने तोंड उघडलं. मी पाहत होतो. त्याचे ओठ हलले, पण बोलीत तो एक शब्द बोलू शकला नाही. ती भाषा त्याला येत नव्हती असं नाही. त्या भाषेत 'तांत्रिक अडचण' म्हणता येत नाही.

तो म्हणाला, "मी पोलिसांना बोलावतो," आणि गाडीला किक मारून गेला. बायने दगड उचलला आणि कुलूप फोडलं. बायकांनी फाटक बिजागरीतून काढून बांधावर आडवं टाकलं आणि पाणी भरलं. मोगऱ्याच्या एकाही रोपाला कुणी हात लावला नाही.

बायवर आणि आणखी काही जणींवर केस झाली. जव्हारच्या कोर्टात त्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. तारखेला चालत यायच्या, चालत जायच्या. फाटक मात्र पुन्हा बसलं नाही. सासऱ्याची हिंमत झाली नाही. पुढच्या निवडणुकीत संघटनेने मास्तरला तिकीट दिलं नाही, तर त्याने मोठ्या पक्षाचं घेतलं आणि निवडूनही आला. ही गोष्ट मला आजही गिळता येत नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याची माणसं पाड्यांवर साड्या आणि बाटल्या वाटत फिरली आणि संघटनेचे भले लोक ऑफिसात बसून कारणं शोधत राहिले. बायला पुन्हा कुणी प्रचाराला बोलावलं नाही. 'तिचा भरवसा नाही, उलट बोलेल,' असं म्हणायचे. उलट बोलेल! जिचा भरवसा होता अशी एकटीच होती ती.

मी तिला एकदा म्हटलं, "बाय, तूच का उभी राहत नाहीस?" ती नाचणी पाखडत होती. म्हणाली, "मी उभी ऱ्हायली तं मला धरंल कोण?"

एका पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत तिला ताप आला. दोन-चार दिवस तिने अंगावर काढला, मग नवऱ्याने आणि भावकीने तिला खाली दवाखान्यात आणलं, पण उशीर झाला होता. मी तिच्या पाड्यावर गेलो तेव्हा नवरा दारात बसला होता. इतक्या वर्षांत तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, "घर लय गप झालंय."

दशक्रियेआधीच जव्हारच्या एस्टी स्टँडसमोर एक मोठा फ्लेक्स लागला. 'आदिवासी भगिनींचा बुलंद आवाज हरपला. भावपूर्ण श्रद्धांजली.' एका कोपऱ्यात बायचा फोटो, कुठल्याशा मोर्चातला, कापून घेतलेला. आणि उरलेल्या सगळ्या जागेत हात जोडून उभा असलेला मास्तर. मी दुकानातून दिवसभर तो फलक पाहत होतो. संध्याकाळी त्याची माणसं शोकसभेसाठी स्पीकर मागायला आली. मी म्हटलं, मशीन बिघडली आहे. ती माझ्यासमोर चालू होती. तिच्यावर गाणं लागलं होतं. माणसं परत गेली.

सकाळी मोखाड्याच्या पहिल्या गाडीतून सोनी उतरली. हातात भात कापायचा विळा. तिने चहावाल्याचं बाकडं ओढून फ्लेक्सखाली लावलं, त्यावर चढली, आणि लोक बघत असताना बायचा फोटो चारी बाजूंनी व्यवस्थित कापून काढला. घाई केली नाही. चहा पीत बसलेला हवालदार तिच्याकडे पाठ करून वळला. फोटो विड्याच्या पानासारखा दुमडून तिने कमरेला खोचला, बाकडं जागेवर ठेवलं आणि परतीच्या गाडीत जाऊन बसली.

फ्लेक्स पुढे बरेच दिवस तसाच होता. मास्तर हात जोडून उभा, आणि शेजारच्या चौकोनी भोकातून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या दिसत होत्या.