गुरुनाथचा पहाटेचा क्लास

लेक सिद्धी ख्राइस्टचर्चला शिकायला गेली त्याला २०१९च्या जूनमध्ये चार महिने झाले, तरी गुरुनाथ पेठकर शनिवारी सकाळी गाडी काढून फुटबॉलच्या मैदानाशी जाऊन उभा राहतो. घरी सांगतो, दूध आणायला गेलो होतो. डेअरी बरोबर उलट्या दिशेला आहे, हे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या झाडून साऱ्या मराठी घरांना ठाऊक आहे. त्याच्या बायकोला, नीलिमालाही आहे. दूध तो विसरतोच.

तसा हा गडी खेळाडू कधीच नव्हता. शाळेत खेळाच्या तासाला झाडाखाली बसून गणितं सोडवायचा. पण २०१३ साली, सिद्धी बारा वर्षांची असताना, तिची कोच म्हणाली की पोरीला वायकाटो प्रांताच्या मुलींच्या टीमसाठी ट्रायलला पाठवू या. ट्रायलला धावण्याची टेस्ट असते. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, बीप वाजायच्या आत. बीप जवळजवळ येत जातात आणि मागे पडली ती बाहेर. हे ऐकलं आणि गुरुनाथच्या अंगात स्कॉलरशिपचं वर्ष संचारलं. टेस्ट आहे म्हणजे क्लास हवाच.

कोच अरोहा ही माओरी बाई, शाळेत पीटी शिकवायची. आठवड्यातून दोनच दिवस सराव घ्यायची. एवढ्यात पोर्शन कसा पुरा होणार? गुरुनाथने एक्सेलमध्ये वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. उरलेले पाच दिवस पहाटे सहाला चढ, दोरीच्या उड्या, बैठका. नदीकाठच्या धुक्यात पुढे शॉर्ट्समधली सिद्धी आणि मागे माकडटोपी घालून शिट्टी फुंकणारा बाप.

शेजारचा चारुदत्त कुत्रं फिरवायला निघायचा, तो थांबून बघायचा.

"काय रे, पोरीला दहावीला बसवतोयस?"

"टीममध्ये जायचंय तिला."

"तिला की तुला?"

गुरुनाथने शिट्टी फुंकली.

गंमत अशी, की क्लास वाढला तशी सिद्धी मंदावली. मग त्याने क्लास आणखी वाढवला. विचारलं की ती म्हणायची, "आय अ‍ॅम फाइन, बाबा." आणि हा विश्वास ठेवायचा.

ट्रायलला दोन दिवस उरले असताना नीलिमा उसळ करायला निघाली, तर फ्रीझरमधली मटारची पिशवी गायब. सापडली सिद्धीच्या पलंगाखाली, वितळून पाणी पाणी झालेली. नीलिमा हॉस्पिटलात फार्मसिस्ट. दुखऱ्या जागेवर लोक काय काय ठेवतात ते तिला कळतं. तिने लेकीची टाच नुसती दाबली, तर पोरीने ओठ चावला.

"किती दिवस झाले?"

"थ्री वीक्स."

"बाबाला का नाही सांगितलंस?"

"ही मेड अ चार्ट, आई."

दाराशी उभ्या गुरुनाथने ते ऐकलं. तो सरळ फ्रिजकडे गेला आणि वेळापत्रक काढून घेतलं.

ट्रायलच्या शनिवारी मैदानावर पोचताच त्याने टाचेचं सगळं सांगितलं आणि फ्रिजवरून काढलेलं वेळापत्रक अरोहापुढे धरलं. तिने एकेका दिवसावर बोट ठेवलं.

"दोन माझे. बाकीचे पाच कोणाचे?"

"माझे."

अरोहा रागावली नाही, ते जास्त लागलं. पोरगी वर्षात चार बोटं वाढलीय, म्हणाली. हाडं पुढे पळतात, स्नायू मागे राहतात आणि टाचेला ओढतात. शरीर धावताना तयार होत नाही, नंतर निजल्यावर होतं. सहा आठवडे धावणं बंद, ट्रायल पुढच्या वर्षी.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो."

त्याने सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. सिद्धीला घरी जायचं नव्हतं. दोघं कडेच्या बाकावर बसली. समोर बीप सुरू झाल्या, मुली जाऊ-येऊ लागल्या. आता ही रडेल, नाहीतर पुन्हा बुटांत पाय घालणार नाही म्हणेल, असं गुरुनाथला वाटत होतं.

तिचं डोकं त्याच्या दंडावर टेकलं. त्याने हळूच वळून पाहिलं, तर पोरगी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. बीप वाजत होत्या, आया ओरडत होत्या. ट्रायल संपली, गोलपोस्टच्या जाळ्या निघाल्या. अरोहा गाडीच्या किल्ल्या घेऊन समोर आली, तेव्हा त्याने तोंडावर बोट ठेवलं. हाताला मुंग्या येऊन तास झाला होता. त्याने तो हलवला नाही.