गॅलरीच्या व्हरांड्यातली सजावट

पोलीस खात्यातली सगळी नोकरी केली, पण आठवणी सांगायला बसले की निवृत्तीनंतरचीच एक घटना आधी समोर येते. तिचा गुन्हा कुठे नोंदला गेला नाही. नातवंडांनो, तुम्ही दोघे त्या घरात होतात, पण एक दुडदुडत होता आणि एक प्रॅममध्ये होती. म्हणून लिहून ठेवते.

लॉकडाऊनचे पहिले वर्ष. सिडनीहून गाडीने दिवसभराच्या अंतरावरचे, मेंढ्यांच्या शेतांमधले गाव. तुमची आई तिथल्या छोट्या रुग्णालयात डॉक्टर. मी आणि तुमची बाबांकडची आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, तुम्हाला सांभाळायला गेलो आणि विमाने बंद झाल्याने अडकलो. माझा गुडघा सुजलेला, त्यामुळे मी बहुतेक घरातच. विहीणबाई मात्र रोज दुपारी प्रॅम घेऊन फिरून येत.

गावात एक आर्ट गॅलरी होती, जुन्या रेल्वे गोदामातली. दरवर्षी गावकऱ्यांनी काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन तिथे भरे. त्या वर्षी आत गर्दी चालत नव्हती, म्हणून चित्रे बाहेरच्या व्हरांड्यात लावली, लोकांनी येता-जाता पाहावीत. त्यात तुमच्या आईचे एक मोठे चित्र होते, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी काढलेले. लावले त्या दिवशी मी ते पाहून आले होते.

एके सकाळी गॅलरी सांभाळणाऱ्या बाई आमच्या फाटकाशी आल्या. मास्क, हातात चाव्यांचा जुडगा, डोळे रडवेले.

"तुम्ही पोलिसात होतात ना? डॉक्टरच्या चित्रावरची सजावट कोणीतरी काढून नेतंय. मी लावते, संध्याकाळी गायब. पुन्हा लावते, पुन्हा गायब. सार्जंट म्हणतो, मेट, मला याहून मोठी कामं आहेत." तिकडे कोणालाही 'मेट', म्हणजे मित्रा, म्हणतात.

"कोणावर संशय?"

त्यांनी आवाज खाली आणला. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या मेंढीवाल्याचे वर्णन केले. त्याची बायको महिन्यापूर्वी रुग्णालयात वारली. नियमामुळे त्याला आत सोडले नव्हते आणि तो दारात उभा राहून तुमच्या आईवर ओरडला होता, हे सगळ्या गावाने ऐकले होते. आता तो रोज दुपारी व्हरांड्यात बराच वेळ उभा असतो.

"त्यानेही एक चित्र काढून दिलंय, बायकोचं. गॅलरीची कमिटी म्हणते, हे मिटेपर्यंत ते लावायचं नाही."

हे मला खटकले. अंत्यविधीला मोजकीच माणसे जाऊ शकली होती. गावाने त्या बाईला निरोप देण्याची ती एकच जागा उरली होती आणि तीही बंद.

मी चौकशीला होकार दिला, पण गोंधळून गेले. हेतू होता, हजेरी होती, संशयित होता. तरी काही जुळत नव्हते. रागावलेला माणूस चित्र फाडतो, त्यावर शाई फेकतो. सजावट तेवढी नीट काढून नेणारा राग मी ठाण्यात कधी पाहिला नव्हता. घरी जेवताना विषय काढला, फक्त संशय कोणावर ते सांगितले नाही. तुमच्या बाबांनी दहा प्रश्न विचारले. तुमची आई म्हणाली, "जाऊ दे ना गं, कोणाला त्रास देऊ नकोस." विहीणबाईंनी आमटी वाढली. एरवी शेजारच्या कुत्र्याचीही चौकशी करणाऱ्या बाई, यावर त्यांनी एक शब्द विचारला नाही. ते मी टिपले, पण त्याचे काय करावे कळेना.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत गॅलरीवर गेले. म्हातारा खांबाशी उभा होता. दोघांमध्ये नियमाचे अंतर ठेवून मी जबाब घ्यायला सुरुवात केली.

"तुम्ही रोज इथे का येता?"

"माझं चित्र लावलंय का बघायला. अजून नाही." त्याने रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवले. "ती जागा मला सांगितली होती."

"आणि डॉक्टरच्या चित्राची सजावट?"

तो हसला, पण कडवट. "ती पिवळ्या फुलांची माळ मी घेऊन काय करू, मेट? मेंढ्यांच्या गळ्यात घालू?"

"माळ?" मी सजावट म्हणजे रिबिनी धरून चालले होते. "कशी माळ?"

"तुम्ही लोक घालता तशी. चेहऱ्याभोवती."

मी गॅलरीच्या बाईंना हाक मारली. त्या खोकाच घेऊन आल्या. झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा, सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातल्या. आदल्या दिवाळीला तुमच्या बाबांनीच गॅलरीला दिलेल्या. "डॉक्टरचा मान म्हणून लावते," त्या म्हणाल्या.

रोज कोविड वॉर्डात जाणारी माझी मुलगी, आणि तिच्या चित्राला हार! चोर कोण हे मला त्या क्षणी कळले. माळ लागल्यावर चित्रासमोर मी आधी पोहोचले असते, तर मीच चोर ठरले असते.

एक माळ घेऊन घरी आले आणि ओट्यावर ठेवली. विहीणबाई कणीक मळत होत्या.

"मुद्देमाल ओळखता?"

"ते आधी बाहेर न्या," त्या मागे न पाहताच म्हणाल्या. "घरात नको."

"बाकीच्या कुठे आहेत?"

"प्रॅमच्या खालच्या टोपलीतून आणल्या. कचऱ्यात टाकल्या."

"अहो, मला तरी सांगायचं!"

"काय सांगू? तुमच्या लेकीच्या फोटोला हार घातलाय म्हणू? माझ्या तोंडातून ते निघेना, विहीणबाई."

"तुमच्यामुळे एका माणसावर आळ आलाय."

हे त्यांना ठाऊकच नव्हते. कोणावर, का, त्याच्या बायकोचे चित्र कसे अडकले, सगळे मी सांगितले. त्यांनी हात धुतले, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला."

म्हातारा अजून तिथेच होता. विहीणबाई त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "मी टेक. नॉट यू. सॉरी." पुढचे मी इंग्रजीत समजावले: आमच्याकडे जिवंत माणसाच्या चित्राला हार घालत नाहीत. जो गेला, त्याच्याच चित्राला घालतात.

गॅलरीच्या बाईंनी तोंडावर हात धरला. म्हाताऱ्याने त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिले.

"मग हार चुकीच्या चित्रावर होता," तो म्हणाला.

त्याच दुपारी चित्र लागले: शेडच्या दारात चहाचा मग घेऊन उभी बाई, नाक जरा वाकडे आलेले. विहीणबाईंनी प्लास्टिकला साफ नकार दिला. तिकडे पानगळीचे दिवस होते, गॅलरीच्या बाईंच्या अंगणात शेवंती फुलली होती. विहीणबाईंनी व्हरांड्यातच बसून हार ओवला, म्हातारा जवळ उभा राहून सुईकडे पाहत होता. हार त्यानेच घातला. तुमची आई रुग्णालयातून येताना थांबली. म्हाताऱ्याने तिच्यासमोर टोपी काढली, एवढेच.

ठाण्यात फिर्याद घेताना आम्ही पहिला प्रश्न विचारत असू: नक्की काय गेले? या प्रकरणात तोच विचारायला मी विसरले आणि कोण नेले याच्याच मागे लागले. गॅलरीच्या बाईंना हार मान वाटला, विहीणबाईंना अशुभ, आणि तो नाहीसा होण्यात गावाला म्हाताऱ्याचा राग दिसला. एकही माणूस वाईट नव्हता, तरी एका बाईचे चित्र कोठीत पडून होते.

विहीणबाई आणि मी केव्हाच पुण्याला परतलो. तुमची आई मात्र दर पानगळीला त्या चित्राचा फोटो पाठवते. शेवंतीचा ताजा हार असतो. कोण ओवते हे ती लिहीत नाही आणि मी विचारत नाही. फोटो मोठा करून पाहिला की हाराची गाठ दिसते. ती आपल्याकडची नाही. लोकरीच्या गोणीला मारतात तशी आहे.