कुत्र्यांवर माझं अतोनात प्रेम

मसुदेकाकांना माणसं आवडत नसत. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, आणि लपवली असती तरी त्यांच्या नाकाने ती सांगितलीच असती. ते नाक कायम थोडं मुरडलेलं असे. घड्याळजीच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांचं टेबल होतं, टेबलावर जुना संगणक आणि समोर गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची. ती त्यांनी मुद्दाम टणक निवडली होती, म्हणजे माणूस कामाचं बोलून उठतो. अर्ज, तक्रारी, माफीनामे, राजीनामे असलं सगळं ते लोकांना लिहून देत. कोणी काही सांगायला लागलं की "मी मसुदा करतो, तुम्ही गप्प बसा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव घड्याळजीलाही आठवत नव्हतं.

वर्षातले दोन महिने मात्र त्यांच्या तुच्छतेला अगदी बहर येई. शहरात एक संस्था होती. ती दरवर्षी शाळकरी मुलांना वर्षभरासाठी परदेशी पाठवी. तिकडे अनोळखी कुटुंबात राहायचं आणि तिथल्याच शाळेत जायचं. त्यासाठी मुलाने त्या न पाहिलेल्या कुटुंबाला एक पत्र लिहायचं: मी कोण, मला काय आवडतं, माझ्या घरी कोण कोण आहे. तिकडची कुटुंबं पत्रं वाचून मूल निवडत. पत्र मुलाने स्वतःच लिहावं असा नियम होता, आणि नियम आहे म्हटल्यावर मसुदेकाकांच्या जिन्यावर रांग लागे.

रांगेत मुलं असत, पण बोलत आया. ज्याने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, त्याच्याबद्दल "घरकामात मदत करतो असं लिहा काका," म्हणत. एकीने तर मुलाला बाहेरच उभं केलं, आणि तो अभ्यासू आहे की खेळाडू हे काकांनाच ठरवायला सांगितलं. काका बघत, नाक मुरडत आणि लिहीत. त्यांच्याकडे तीन साचे होते: एक नम्र मुलांचा, एक खेळकर मुलांचा आणि एक घरकोंबड्यांचा. तिन्हींत एक वाक्य मात्र सारखंच होतं: 'कुत्र्यांवर माझं अतोनात प्रेम आहे.' फार पूर्वी दातांच्या डॉक्टरांच्या मुलाचं पान भरेना, म्हणून त्यांनी ते घुसडलं होतं. त्या मुलाला आठ दिवसांत घर मिळालं. तेव्हापासून काकांच्या हाताखालून गेलेलं एकूण एक मूल कुत्र्यांवर जीव टाकू लागलं. घरात पाल दिसली की शेजाऱ्यांना हाक मारणारी मुलंसुद्धा यातून सुटली नाहीत.

"मूर्खांना मूर्ख वाचतात," असं काका भाचीला सांगत, "मधल्यामध्ये आपण शहाणे."

भाची त्यांच्याच खोलीत राहात होती. मधे कपाट आडवं लावून तिचा कोपरा केला होता. बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता सोळाची झाली होती. जगात एकाच माणसासमोर काका नाक सरळ ठेवीत, ते माणूस म्हणजे ही. यंदा तिने संस्थेची परीक्षा दिली आणि पहिली आली. सगळा खर्च संस्था करणार होती. आता महिनाअखेरीपर्यंत तिला घर मिळायला हवं होतं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. तो पुढचा म्हणजे जिन्यात उभा करून ठेवलेला तोच अभ्यासू की खेळाडू. काकांनी त्या दोन्ही गोष्टी त्याला बहाल केल्या होत्या.

तेव्हा काकांनी भाचीचं पत्रही स्वतःच लिहिलं. नम्र साचा घेतला, त्यावर घरकोंबड्याचा हात फिरवला आणि शेवटी कुत्रे सोडले. भाची म्हणाली की हे खोटं आहे. सातवीत असताना कुत्र्याने तिची पोटरी फोडली होती. व्रण अजून होता, आणि शाळेला ती अजूनही लांबच्या रस्त्याने जात असे. काकांनी हसून सांगितलं की पत्र हे पत्र असतं, ती काही साक्ष नव्हे. एवढं बोलून त्यांनी पाकीट चिकटवलंसुद्धा.

नवव्या दिवशी उत्तर आलं. काका जिन्यातूनच "बघ, मी काय म्हणालो होतो!" असं ओरडत वर आले. एका कुटुंबाने तिला निवडलं होतं. सोबत फोटो होता. घरासमोर नवरा-बायको हसत उभे होते, आणि त्यांच्या पुढे वासराएवढे तीन कुत्रे बसले होते. भाचीने फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि ती कपाटामागे गेली.

यावरही काकांकडे उपाय होता. शहाण्या माणसाकडे तो असतोच. घड्याळजीची एक म्हातारी कुत्री होती. तिला दात नव्हते, एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दिवसभर ती गल्ल्याखाली झोपून असे. एका सकाळी काका भाचीला खाली घेऊन गेले आणि तिला हात लाव म्हणाले. रोज पाच मिनिटं, म्हणजे महिन्यात सवय होईल. कुत्रीने झोपेतच कूस बदलली. एवढ्याने भाची मागे सरली, काउंटरला अडखळली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ती ओरडली नाही. नुसती उभी होती, आणि तिचे दात एकमेकांवर वाजत होते. हातातलं घड्याळ खाली ठेवून घड्याळजी काकांकडे बघत राहिला. काकांना त्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. लाज वाटली की माणूस चिडतो, तसे तेही चिडले. असल्या भित्र्या मुलीने परदेशी जायची स्वप्नं बघू नयेत, असं काहीबाही बोलून ते वर निघून आले.

थोड्या वेळाने भाची वर आली आणि गिऱ्हाइकाच्या टणक खुर्चीत बसली.

"मामा, मी त्यांना परत लिहिते. माझं मी."

"काय लिहिणार? की मी खोटारडी आहे?"

"मी भित्री आहे. खोटारडा तू आहेस."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर काकांनी त्याला दोन वाक्यांत जिना दाखवला असता. इथे ते टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागले. खरं बोलणारे घरी बसतात, जागा त्या ठोंब्याला जाईल, मग माझ्या नावाने रडू नकोस, असं ते पुटपुटले. तिने त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला, कपाटामागे जाऊन पत्र लिहिलं आणि न दाखवता संस्थेत नेऊन दिलं.

पुढचे दिवस काकांनी सगळा राग गिऱ्हाइकांवर काढला. एका माफीनाम्यात त्यांनी माफी मागायचंच सोडून दिलं. भाची शाळेत जात होती, येत होती, जेवत होती, आणि दोघंही त्या विषयाला हात लावत नव्हती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संस्थेच्या बाईंनी बोलावणं पाठवलं, तेही काकांना एकट्यालाच.

बाईंची खुर्चीही टणक होती. काकांना बसल्याबरोबर ते कळलं. बाईंनी समोर तीन कागद मांडले. तिन्हींवर एकच वाक्य अधोरेखित केलेलं होतं.

"हे कुटुंब तीन वर्षं आमची मुलं घेतंय," बाई म्हणाल्या. "पहिली मुलगी कुत्रे बघून दुसऱ्या महिन्यात घर बदलून गेली. गेल्या वर्षीचा मुलगा वर्षभर मागच्या दाराने ये-जा करत होता. तरी तिसरी खरी निघेल म्हणून त्यांनी तुमच्या भाचीला घेतलं. त्यांनी विचारलंय, हे वाक्य तुमच्याकडे शाळेत पाठ करून घेतात का?"

पुढच्या वर्षीपासून प्रत्येक मूल इथे, आपल्यासमोर बसून, स्वतःच्या हाताने पत्र लिहील, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे काकांचा धंदा तिथेच बसला. काकांच्या ते डोक्यातही शिरलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं:

"आणि तिची जागा?"

बाईंनी चौथा कागद पुढे केला, भाचीच्या अक्षरातला. काकांनी सवयीने खिशातली लाल पेन्सिल बाहेर काढली.

'आधीचं पत्र माझ्या मामाने लिहिलं होतं,' भाचीने लिहिलं होतं. 'मला कुत्र्यांची फार भीती वाटते. तुमचे कुत्रे चांगले असतील, पण मला ते जमणार नाही. माझ्या मामाला कोणीच आवडत नाही. मी आवडते, पण ते तो बोलत नाही. तो सगळ्या शहराची पत्रं लिहितो, पण त्याला स्वतःला कधी कोणाचं पत्र येत नाही. मी कुठेही आले तरी मला त्याला दर आठवड्याला पत्र लिहावं लागेल. म्हणून मला फक्त एक टेबल हवं आहे.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग बाईंनी सांगितलं की त्या कुटुंबाने हे पत्र शेजारच्या बाईला वाचायला दिलं. ती शाळेची बस चालवते आणि एकटीच राहते. तिने दोन ओळी पाठवल्या आहेत. बाईंनी त्या वाचून दाखवल्या: 'माझ्याकडे कुत्रा नाही. टेबल आहे, ते खिडकीशी सरकवून ठेवते.'

"पत्रात काही दुरुस्ती करायची आहे का?" बाईंनी विचारलं. त्यांची नजर पेन्सिलीवर होती.

पत्रात चार चुका होत्या. काकांनी पेन्सिल खिशात घातली आणि नाही म्हणून मान हलवली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून वळून त्यांनी बाईंना विचारलं, तिकडून टाकलेलं पत्र इथे यायला साधारण किती दिवस लागतात.