आतला कॉम्प्युटर हाकेला ओ देईना

मसोलीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दसऱ्याला सगळ्या मशीनची पूजा होते. पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि दिवसभर कुणी बटण दाबायचं नाही. त्या वर्षी हे सगळं वरोरहून येणाऱ्या एका बाईंनी अंगावर घेतलं. अंगणवाडीत मदतनीस, वय चाळिशीच्या पुढे, ग्रामपंचायतीत ऑपरेटरची जागा निघणार म्हणून क्लासला आलेल्या. घरच्यांनी टिंगल केली तरी त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. मशीन मागूनही पुसायचं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, देवाला अर्धी आंघोळ घालतात काय?"

दसऱ्यानंतर लगेच सराव परीक्षा होती, आणि तीच सुरू होईना.

आमचा सरावाचा प्रोग्राम जुना आहे, नव्या विंडोजवर तो चालत नाही. म्हणून मुख्य कॉम्प्युटरच्या आत मी दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर उभा केलाय. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्याला ना डबा ना वायर. मुख्य कॉम्प्युटरच्या वायरवरूनच तो बाकीच्यांशी बोलतो, पण पत्ता त्याचा स्वतःचा; अशा जोडणीला ब्रिज म्हणतात. विद्यार्थी आपापल्या जागेवरून त्या पत्त्यावर जातात आणि पेपर उघडतो. त्या दिवशी एकाचाही उघडला नाही.

"पूजा जरा जास्तच झाली," रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ मागून म्हणाले. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळानं बघते तर त्या पिशवी भरत होत्या.

"पुसताना माझ्याच हातनं कायतरी मोडलं असंल. मी नाय येत आता, मॅडम. घरचे बोलतात तेच खरं, माझ्या हाताला हे नाय जमायचं."

मला राग आला. त्या हसणाऱ्यांचा, मशीनचा आणि खरं सांगायचं तर बाईंचाही. आज त्या दाराबाहेर गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

"काय मोडलंय ते कळेपर्यंत कुणी कुठे जायचं नाही," मी खेकसले. "बसा इथे माझ्याजवळ."

त्या अवघडून बसल्या. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून मी आधी मुख्य कॉम्प्युटरला पिंग केलं. पिंग म्हणजे नुसती हाक मारून बघायचं. त्यानं ओ दिली. मग आतल्याला हाक मारली, तर सामसूम. मुख्य ओ देतोय म्हणजे खोलीतल्या वायरी ठीक होत्या. आतल्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारा पहारा, बंद करून पाहिली, त्याचा पत्ता दुसऱ्या कुणी बळकावला नाही ना तेही पाहिलं. फरक शून्य. शेवटी त्याची जोडणी ब्रिजवरून काढून नॅटवर ठेवली, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरच्या आडून बोलायची. तसा तो लगेच इंटरनेटला पोचला. अशा जोडणीत विद्यार्थ्यांना त्याला गाठता येत नाही, पण तो धडधाकट आहे एवढं कळलं.

"म्हंजे जिवंत हाय!" बाई पहिल्यांदाच नीट बोलल्या.

खोट ब्रिजमध्ये होती तर. मुख्य कॉम्प्युटरला नेटवर्कची दोन कार्डं आहेत, एक मूळचं आणि एक मी मागाहून बसवलेलं. ब्रिज नव्या कार्डाला बांधलेला. मी टेबलामागे मान घातली. वायर जुन्या कार्डात होती. मुख्य कॉम्प्युटरला कुठलंही चालतं, त्यामुळे तो मजेत होता. आतला मात्र रिकाम्या भोकाला कान लावून बसला होता.

"मागनं पुसताना मीच काढलेली ती," बाई हळूच म्हणाल्या. "परत लावताना दोन भोकं दिसली. जवळच्यात लावली."

"मग आता तुम्हीच काढा आणि दुसऱ्यात लावा."

"मी?"

सेटिंगमध्ये कार्डाचं नाव बदलूनही काम भागलं असतं. पण ते मला माउसनं मिटवायचं नव्हतं. बाई पदर खोचून टेबलाखाली शिरल्या. खट्ट आवाज आला, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मी जोडणी पुन्हा ब्रिजवर आणली आणि कोपऱ्यातून हाक मारली. आतल्यानं ओ दिली!

"म्हंजे मोडलं नव्हतं?" टेबलाखालून आवाज आला.

"मोडायला काय झालंय त्याला? वायरीची जागा चुकली होती."

त्या बाहेर आल्या, पण जमिनीवरच बसून राहिल्या. "घरात टीव्ही बंद पडू दे का मिक्सर, पहिलं मलाच विचारतात, तू हात लावलेलास काय? मग मी लावायचाच सोडला. पूजेला पुसायचं तेवढं."

मी त्यांना उठायला हात दिला.

"इथे लावायचा," मी म्हटलं. "रोज लावायचा."

त्या उठल्या, पदरानं हात पुसले आणि कोपऱ्यातल्या जागेवर बसून, कुणी सांगायच्या आत, पेपर उघडला.