गोदाकाकूंचा पाचवा सेट

गोदाकाकू मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांच्या एका हातात विळा होता आणि दुसऱ्या काखेत आमचा व्हॉलीबॉल. तुरीच्या उभ्या पिकातून त्या अशा काही बाहेर आल्या की सर्व्हिस करायला उभी असलेली मुलगी हात वर करून तशीच थिजली. "हा कोणाचा आहे?" काकूंनी विचारलं. मी नुकताच त्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो, आणि खेळाचे सर रजेवर असल्यामुळे त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात होती. ज्याच्या गळ्यात शिट्टी तो जबाबदार, असा जगाचा समज असतो. मी पुढे झालो आणि म्हणालो, "आमचा आहे, काकू."

"मंग माह्या तुरीत काऊन येते?"

मुली अजून शिकताहेत, असं काहीतरी मी पुटपुटलो. काकूंनी चेंडू माझ्या अंगावर फेकला, पुन्हा आला तर कापून टाकीन अशी धमकी दिली आणि राखण करायला धुऱ्यावर बसल्या. धुरा म्हणजे त्यांच्या शेताचा बांध. आमच्या मैदानाची पूर्वेची बाजू संपते तिथे तो लागतो. चेंडू अर्थातच पुन्हा आला. पुन्हा पुन्हा आला. दिवस मावळेपर्यंत काकूंचा राग तुरीवरून सरकून मुलींच्या हातांवर जाऊन बसला होता. "देवापुढं जोडत नाही असे हात जोडून राह्यल्या, अन् चेंडू जाते तुरीतच. थोडं वाका न व पोरी हो, कंबर काय सासरी ठेवली?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या, त्या विळ्याशिवाय. पुढची कितीतरी वर्षं त्या येत राहिल्या.

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. संस्थेचे सचिव अजून हयात आहेत आणि वाचतात. चिखलीच्या रस्त्याला गावाबाहेर एक कमान, कमानीमागे एक इमारत आणि इमारतीमागे ते मैदान, एवढं पुरे.

काकू घरच्या चांगल्या होत्या. शेत मोठं, दोन मुलं नोकरीला, काका शांत स्वभावाचे. इतके शांत, की घरातला सगळा राग काकूंच्याच वाट्याला आला असावा. आणि तो त्या लपवत नसत. पाऊस आला म्हणावं तसं त्या म्हणायच्या, "मले राग आला." मग आजूबाजूची माणसं आडोसा शोधायची. गंमत अशी की समोरच्या संघातल्या मुलींना त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या फक्त घरच्यांना. समोरचीनं चेंडू जोरात मारला की काकू मान डोलवायच्या, "हे पाहा, हिले म्हणतात जेवलेली पोरगी," आणि लगेच आमच्यांकडे वळायच्या, "अन् तुमी? उपास हाये का आज?" मी सामन्यांना माईकवर असायचो. मी जरा अलंकारिक बोलायला लागलो की धुऱ्यावरून आवाज यायचा, "अबे माईकवाल्या, कोणाले किती झाले ते सांग. बाकीचं लग्नात बोलजो." आज मी वर्गात मुद्द्याचं बोलतो असं मुलं म्हणतात, त्याचं श्रेय त्या धुऱ्याला आहे.

आमची खरी लढत डोणगावकडच्या एका कॉलेजशी. दर थंडीत आमच्याच मैदानावर स्पर्धा, आणि अंतिम सामन्याला तेच दोन संघ. मुलांचा अंतिम सामना दुपारी, लख्ख उन्हात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. मुलींचा त्याच्यानंतर, राहिलेल्या उजेडात. मैदानावर दिवे नाहीत. थंडीतला सूर्य घाईत असतो आणि आमचे प्रमुख पाहुणे कधीच घाईत नसतात. ते मुलींच्या सामन्यातच पोचायचे. आणि ते आले की सामना थांबवून सत्कार. शाल, श्रीफळ, दोन शब्द. दोन शब्दांचे दोनशे व्हायचे, सूर्य बुडायचा, आणि सचिव प्रसन्न चेहऱ्याने जाहीर करायचे की दोन्ही संघ संयुक्त विजेते. कप सहा महिने आमच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे. टाळ्या.

सचिवांना यात खरोखर काही चूक दिसत नसे. कोणाचं मन दुखावलं नाही, पाहुणे खूष, फोटो छान. मला दिसत असे, पण मी माईकवर टाळ्या मागत असे. राग फक्त काकूंना यायचा. "अर्धा कप!" त्या म्हणायच्या. "अर्ध्या कपात चहा देतेत. पोट्ट्यांच्या खेळात काऊन नाही थांबवत? त्यायच्या वेळेस पाहुण्याले रस्ता सापडत नाही का?"

या सगळ्यात अमडापूरची रेणुका होती. आमची कर्णधार. चेंडू उचलून द्यायचं काम तिचं, आणि ती तो अशा नजाकतीने द्यायची की मारणारीला फक्त हात लावायचा उरायचा. काकू तिला सगळ्यांत जास्त शिव्या द्यायच्या, यावरून काय ते ओळखा. रेणुकाचं शेवटचं वर्ष आलं. सामन्याच्या आदल्या दिवशी सरावानंतर ती धुऱ्यावर काकूंशेजारी बसली होती. मी जवळच जाळी तपासत होतो. ती म्हणाली, "काकू, दोन फायनल खेळली मी. ना जिंकली, ना हरली. घरी विचारतेत काय झालं, तं मले सांगताच येत नाही." काकू मावळतीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुलींचा सामना सुरू झाला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा आम्ही, तिसरा त्यांनी, चौथा आम्ही. काकू धुऱ्यावर बसूच शकत नव्हत्या. उभ्या राहायच्या, चार पावलं पुढे यायच्या, आपल्याला राग आल्याचं जाहीर करायच्या, मागे जायच्या. त्यांचा डोळा एकदा चेंडूवर आणि एकदा पश्चिमेकडे. "उजेड जाऊन राह्यला," त्या सारख्या म्हणायच्या. हे सूर्याला दटावणं होतं.

पाचवा सेट पंधरा गुणांचा असतो, आणि एका संघाचे आठ झाले की बाजू बदलतात. आमचे आठ झाले, त्यांचे सात. मुली बाजू बदलायला निघाल्या आणि नेमकी कमानीतून गाडी आली. सचिव माझ्याकडे धावत आले. चेहरा उजळलेला. त्यांनी सुचवलं, तसंही बाजू बदलायची आहेच, तर त्या वेळात सत्कार उरकून घेऊ. माझं मत त्यांना नको होतं. कोर्टाच्या मधोमध, जाळीखाली, खुर्च्या आल्या. टेबल आलं, त्यावर पांढरं कापड आलं. तबक घेतलेल्या दोन मुली आल्या. पाहुणे बसले, शेजारी प्राचार्य. खेळणाऱ्या बारा जणी घामेजलेल्या अंगाने थंडीत कडेला उभ्या. रेणुका आपले दंड चोळत होती आणि मावळतीकडे बघत होती.

सचिवांनी माईक माझ्या हातातून घेतला आणि पाहुण्यांच्या जन्मगावापासून सुरुवात केली.

"मले राग आला," असं त्या वेळी काकू म्हणाल्या नाहीत. म्हणूनच मला कळलं की आज खरा आला आहे. त्या धुरा उतरल्या. पदर खोचला. सरळ कोर्टात चालत आल्या, मुलीच्या तबकातली शाल उचलली आणि पाहुण्यांच्या खांद्यावर टाकली. नारळ हातात दिला. कुंकवाचं बोट कपाळाला लावलं. दुसरी शाल प्राचार्यांना, तिसरी सचिवांना. पोळ्याला बैलांवर झुली टाकाव्यात तशा भराभर, कोणाला शिंगं हलवायलाही वेळ न देता. मग हात जोडून पाहुण्यांना म्हणाल्या, "झाला सत्कार. आता खुर्च्या उचला."

सचिव पुढे सरसावले. "अहो काकू, साहेबांचं भाषण व्हायचं आहे."

"ऐकतो न. सगळं ऐकतो. भाषण अंधारात बी ऐकू येते, साहेब. चेंडू अंधारात दिसत नाही."

पाहुण्यांनी काकूंकडे पाहिलं. मावळतीकडे पाहिलं. मग ते स्वतः उठले, शालीसकट आणि नारळासकट, आणि आपली खुर्ची उचलून धुऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवली. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. मी सचिवांच्या हातातून माईक काढून घेतला आणि अत्यंत भारदस्त आवाजात जाहीर केलं की सत्कार समारंभ संपन्न झालेला असून गुणसंख्या आठ-सात आहे. याबद्दल मला पुढे कारणे दाखवा नोटीस आली. कारण मी एकच दाखवलं: उजेड.

त्यानंतरचा खेळ मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. नऊ-आठ. दहा-दहा. बारा-बारा. चेंडू आता काळसर दिसायला लागला होता. त्यांची एक उंच मुलगी जाळीपाशी भिंतीसारखी उभी होती. रेणुकाचे हात थंडीने लाल झाले होते, तरी चेंडू तिथेच जात होता जिथे जायला हवा. तेरा-तेरा. मग त्यांचे चौदा. मग त्या उंच मुलीने आमच्या दोन मुलींच्या मधून असा तडाखा दिला की चेंडू मागच्या रेषेपाशी पडला, उसळला आणि सवयीने तुरीत गेला.

आत की बाहेर? रेषेवरचा पंच आमच्याच कॉलेजचा. त्याचा झेंडा ना वर ना खाली, मधेच अडकला होता. आमची गर्दी "बाहेर, बाहेर" म्हणून ओरडायला लागली. मुख्य पंच शिडी उतरले. अंधार दाटत होता. आणि अंगावरची शाल सावरत सचिव लगबगीने आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रसन्नपणा परत आला होता. ते तोंड उघडून काय म्हणणार हे अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं: संयुक्त विजेते.

तेवढ्यात तुरीतून काकू बाहेर आल्या. काखेत चेंडू. पहिल्या दिवशीसारख्याच, फक्त विळा नव्हता. त्या मुख्य पंचांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि चेंडू त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. चेंडूच्या एका अंगाला पांढरी फक्की लागलेली होती. रेषा आखतात ती.

"रेषेवर पडला," काकू म्हणाल्या. "म्हणजे आत. म्या पाह्यला."

आमच्या बाजूचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. घरच्या असून अशा काय बोलता, कोणाच्या बाजूच्या आहात, असं काहीबाही. काकू गर्रकन वळल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "कोणाच्या म्हणजे? ह्यायच्याच बाजूची हाव मी! दोन साल झाले, ह्या पोरीयले कोणी सांगतलं नाही का त्या जिंकल्या का हरल्या. आज सांगा."

पंचांनी शिट्टी वाजवली. पंधरा-तेरा. डोणगावच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि रेणुका होती तिथेच खाली बसली. काकू तिच्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील, डोक्यावरून हात फिरवतील. त्या तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काकू, तुमी गप राह्यल्या असत्या तं..." रेणुका म्हणाली.

"तं पुन्हा अर्धा कप भेटला असता. रड. चांगली रड. खरी हरली तू आज. मागच्या दोन सालात तुले रडाले तरी भेटलं का?"

रेणुका रडली. मग काकू शेजारी मातीत बसल्या आणि शेवटचा चेंडू मागे का सोडला यावरून तिला शिव्या द्यायला लागल्या. रडता रडता रेणुका हसायला लागली.

कप देऊन झाला आणि मिट्ट अंधारात पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. लोक गाड्या काढून निघून गेले. सचिवसुद्धा घड्याळ बघत होते. शेवटपर्यंत बसल्या त्या एकट्या काकू, पदर डोक्यावरून घेऊन. मी त्यांना म्हटलं, काकू, थंडी आहे, जा आता. त्या माझ्यावरच उखडल्या. "ऐकतो म्हणून सांगतलं न त्याले? त्यानं खुर्ची उचलली, मी कशी उठू?"

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. दुखणं थोड्या दिवसांचं होतं. शेवटच्या भेटीत दवाखान्यातल्या गोळ्यांवर, तिथल्या चहावर आणि माझ्या टक्कल पडण्यावर त्या मनसोक्त रागावल्या, म्हणून मी निर्धास्त घरी आलो. चूक माझी. राग आहे तोवर काकू आहेत, असा माझा हिशेब होता.

या थंडीत पुन्हा तेच दोन संघ आले. मुलींच्या सामन्याआधी सचिवांनी काकूंना श्रद्धांजली ठेवली होती. त्यांच्या मनात खरंच आदर होता, हे मान्य करायला हवं. पण आदर असला की त्यांचं भाषण लांबतं. काकूंचा क्रीडाप्रेमी स्वभाव, काकूंचं मार्गदर्शन, काकूंचा आणि त्यांचा कौटुंबिक जिव्हाळा. दोन्ही संघ रांगेत उभे. सावल्या जाळीपर्यंत आल्या, जाळी ओलांडून गेल्या. तूर तशीच डोलत होती आणि धुरा रिकामा होता.

प्रेक्षकांतून एक बाई उठली. अमडापूरच्या शाळेत आता ती खेळ शिकवते. आपल्या शाळेच्या मुलींना सामना दाखवायला घेऊन आली होती. ती कोर्टाच्या रेषेपर्यंत आली. रेषा मात्र ओलांडली नाही.

"सर," रेणुका म्हणाली, "मले राग येऊन राह्यला. उजेड चालला."

सचिव थांबले. त्यांनी आधी धुऱ्याकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे. मग मुकाट्याने माईक माझ्या हातात दिला. कोणाला किती झाले, एवढंच मी त्या दिवशी बोललो.