काळीचं करडू

बकरी हे गरीब जनावर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कधी पाळलेली नसते. गाय गरीब असते, मेंढी तर निव्वळ मूर्ख. बकरी समोरच्या माणसाला आधी नीट पारखते आणि मग आपल्या मनात असेल तेच करते. आमच्याकडे चार होत्या. चौघींनी मिळून मला जेवढं छळलं, तेवढं पुढे सासरच्या माणसांनाही जमलं नाही, आणि सासरचे काही कमी नव्हते.

आमचं गाव अमडापूरहून चालत जाण्याजोगं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. बाबा म्हणत, हुकूम नागपुरात निघतो आणि आपल्यापर्यंत पोचतो तोवर म्हातारा होतो. बाबा विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी काढत आणि बैलगाडीतून चिखलीच्या बाजारात नेत. बकऱ्या मात्र आत्याच्या. आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर सासरहून परत आली, ती एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात बकरीची दोरी धरून. आमच्या कोठ्यातल्या, म्हणजे गोठ्यातल्या, चारही जणी त्या एका बकरीच्या लेकी-नाती.

सर्वांत थोरलीला आम्ही म्हातारीच म्हणायचो. ती कधीच आटलेली होती, पण पुढे चालायचा मान तिचा. तिच्या पुढे एखादी गेली की शिंगाचा प्रसाद ठरलेला. तिला एक खोड होती. भर दुपारी ओढ्याच्या वळणावर आलो की ती थांबायची आणि समोरच्या उघड्या जागेकडे टक लावून पाहायची. मग मागच्या तिघीही थांबायच्या. तिथे काही नसायचं. मी कितीदा तिथे दगड मारून पाहिला. थोड्या वेळाने म्हातारी कुणाला तरी वाट करून दिल्यासारखी बाजूला सरायची आणि पुढे चालू लागायची. आत्याला विचारलं तर म्हणायची, "तिले दिसते ते तिले दिसू दे. तुले काय करायचं हाय?"

दुसरी भुंडी, शिंगं नसलेली. ही अट्टल चोर. कडी उघडून मेथीच्या वाफ्यात घुसायची, आणि बाबा काठी घेऊन धावले की तोंडातली मेथी गिळून अशी उभी राहायची, जणू तीच राखणीला होती. तिसरी कबरी, घाबरट. वाळलेलं पान उडालं तरी उडी मारायची. ती अजून एकदाही व्यालेली नव्हती.

चौथी काळी. तिचं अंग डोक्यापासून खुरापर्यंत काळं, डोळे तेवढे पिवळे. ती ओरडत नसे. बाकीच्या तिघी चाऱ्यासाठी घर डोक्यावर घ्यायच्या तेव्हा ही मागे उभी राहून पाहायची. चाऱ्याकडे नाही, माणसाकडे. तिच्याकडे पाठ करून झाडलोट करायला मला कधीच आवडलं नाही.

मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. थंडी सुरू झाली आणि काळी व्याली. एकच करडू, तिच्यासारखंच काळं. काही दिवसांनी माझी माय बाळंत झाली. मुलगा झाला म्हणून बाबा गूळ वाटायला निघाले, आणि आत्या कोठ्यात गेली तर करडू थंडीने आखडून मेलेलं. शेजारीण दारातच म्हणाली, "एक आलं, एक गेलं." आत्या तिच्यावर अशी खेकसली की बाई गुळाचा खडा न घेताच निघून गेली. पण ते वाक्य माझ्या कानात राहिलं ते राहिलंच.

मेलेलं करडू टाकून द्यायची आत्याची रीत नव्हती. तिने कुणाला न बोलावता स्वतःच्या हाताने त्याची कातडी सोलली, मीठ चोळलं आणि कोठ्याच्या वळचणीला टांगून ठेवली. गावात यावर कुजबुज झाली. आत्याने लक्ष दिलं नाही. जनावरं राखणाऱ्यांचा तो जुना रिवाज आहे. जिचं पिल्लू मेलं तिच्यासमोर दुसरं पोरकं पिल्लू त्या कातडीत गुंडाळून न्यायचं. ती वास घेते, आपलंच समजते आणि पान्हा सोडते. काळी दिवसभर त्या कातडीखाली मान वर करून उभी राहायची.

इकडे मायला बाळंतपणाचा ताप चढला. ती बडबडू लागली, माणसं ओळखेना, आणि तिचं दूध गेलं. गल्लीतल्या एका लेकुरवाळ्या बाईने थोडे दिवस भावाला पाजलं. मग तापाच्या घरात जाऊ नको म्हणून तिच्या सासूने तिला परत बोलावलं. गाईचं दूध पाणी घालून दिलं तर ते पोटात राहीना. कुणी एखादी वाटी बकरीचं दूध द्यायचे, पण त्यांच्याही घरी पोरं होती, आणि त्या कातडीत गुंडाळून काळीपुढे धरायला आपलं करडू आमच्या घरात पाठवायला तर कुणीच तयार नव्हतं. भाऊ रडायचा तेव्हा आधी सगळ्या घराला ऐकू यायचं, मग खोलीतल्या खोलीत, आणि नंतर पाळण्यावर वाकलं तरच. मी सारखी वाकून पाहायची. श्वास चालू दिसला की रडू यायचं.

आमच्याच कोठ्यात दूध होतं आणि मिळत नव्हतं. म्हातारी आटलेली, भुंडी गाभण, कबरीचा प्रश्नच नव्हता. काळीची कास तट्ट भरलेली, पण ती पान्हा चोरायची. आत्या धार काढायला बसली की भांड्याच्या तळाला चार थेंब, आणि काळी वळून आत्याच्या तोंडाकडे पाहणार.

एका दुपारी बाबा औषध आणायला चिखलीला गेले होते. आत्याने पाळण्यातून भावाला उचललं.

"कुठं नेऊन राह्यली त्याले?" मी विचारलं.

"माह्यासंगं ये. दार लोट अन् तोंड बंद ठेव."

कोठ्यात तिने वळचणीची कातडी काढली, कोमट पाण्यात भिजवून मऊ केली आणि भावाच्या पाठीवर पांघरली. इवले काळे पाय त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. गोधडीची घडी करून तिने त्याला काळीच्या कासेखाली धरलं. काळीने मान वळवली. बकरी आपलं पिल्लू तोंडावरून ओळखत नाही, शेपटीकडून ओळखते. तिने तिथेच नाक लावलं आणि कितीतरी वेळ हुंगत राहिली. मग तोंड न उघडता, घशातल्या घशात, ती घुमल्यासारखा हलका आवाज काढू लागली. बकरी हा आवाज फक्त नव्या पिल्लाशी बोलताना काढते. आत्याने सड भावाच्या तोंडात दिला. पहिल्यांदा दूध गालावरून ओघळलं. मग तो ओढू लागला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण अंगावर काटा आला तो आनंदाचा नव्हता. काळी त्याला पाजत होती आणि पाहत होती माझ्याकडे.

त्यानंतर भाऊ बाळसं धरू लागला. बाबांना कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले, पण पोराचे गाल पाहून उठले आणि काळीपुढे चारा टाकून आले. काळी आता चरायला यायलाच नाखूश. पाजायची वेळ झाली की दोरी तोडून दाराशी येऊन उभी. आणि खरी गोष्ट वेगळीच होती. ती यायच्या आधीच भाऊ रडायचा थांबायचा. दार बंद असायचं, बाहेर पाऊल वाजलेलं नसायचं, आणि तो पाळण्यात एकाएकी गप्प होऊन दाराकडे मान वळवायचा. मी दार उघडावं तर उंबऱ्याशी काळी. असं एकदा झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. रोज व्हायचं. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही, पण पाहिलेलं नाकारणारीही नाही.

हळूहळू मायचा ताप उतरला. केस गळलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या, पण शुद्धीवर आली. तिने भावाला मागितलं. मांडीवर दिल्याबरोबर त्याने टाहो फोडला. ती बोलायची, गाणं म्हणायची, टाळ्या वाजवायची. तो तिच्या तोंडाकडे बघायचाच नाही. तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहायचा. दूध बकरीचं आहे एवढंच तिला सांगितलं होतं. कातडीचं कुणी बोललं नव्हतं.

ती भिंत धरून चालायला लागली तसं ते तिला दिसायचंच होतं. एका दुपारी ती कोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. आधी तिला वाटलं, काळीखाली करडू पितंय. मग त्या काळ्या कातडीखालून एक गोरी मूठ बाहेर आली.

माय ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "आक्का, हे माह्यं लेकरू हाय का तिचं?"

"जितं हाय ना?" आत्या म्हणाली. "मंग कोणाचं हाय ते मागून पाहू."

दुसऱ्या दिवशी आत्या आणि मी बकऱ्या घेऊन ओढ्यावर गेलो. काळीलाही ओढत नेलं होतं. तिघी चरत होत्या. एकाएकी काळीने मान वर केली, दोरीला हिसका दिला आणि घराकडे धावत सुटली. आयुष्यात पहिल्यांदा ती ओरडत होती. आम्ही मागोमाग धावलो. घरी पोचलो तर केस जळाल्याचा वास दारापर्यंत भरलेला. माय चुलीपुढे बसली होती आणि चुलीत कातडी जळत होती. वारा घराकडून ओढ्याकडे नव्हता, उलटा होता. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते.

आत्याने भावाला उचलून काळीपुढे धरलं. काळीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मान खाली घालून अशी धडक दिली की आत्याने त्याला वेळेवर वर घेतलं म्हणून बरं. त्या दिवसापासून काळीने पान्हा कोंडला. सडाला हात लागू देईना. भुंडी अजून व्यायची होती. गाईचं दूध पुन्हा तसंच उलटलं. भाऊ पहिले काही तास ओरडला आणि मग तोच जुना, पाळण्यावर वाकून ऐकायचा आवाज घरात परत आला. काळी दाराशी येईनाशी झाली. तो मात्र दाराकडेच बघत पडलेला.

बाबा मायला एक शब्द बोलले नाहीत. आत्याही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मायच म्हणाली, "म्या माह्याच हातानं मारलं त्याले."

"अजून मेला नाई," आत्या म्हणाली. "पण मले आता काही सुचत नाई, पोरी."

माय उठली. भावाला माझ्या मांडीवर दिलं, मला कोठ्याच्या उंबऱ्यावर बसवलं आणि भांडं घेऊन आत गेली. आत्या आणि बाबा माझ्यामागे उभे. काळी भिंतीला टेकून उभी होती. माय तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, हात जमिनीला टेकले आणि करडासारखी ओरडली.

पहिल्यांदा ते माणसाने बकरीची नक्कल करावी तसंच होतं. बाबांनी मान फिरवली. मला लाज वाटली. काळी हलली नाही. माय पुन्हा ओरडली, पुन्हा, आणि ओरडता ओरडता तिचा आवाज फाटला. त्यानंतर जो निघाला तो मायचा आवाज नव्हता. डोळे मिटले असते तर मी शपथेवर सांगितलं असतं की कोठ्यात एक भुकेलं करडू आहे.

काळी पुढे आली. तिने मायचे उरलेसुरले केस हुंगले, कान हुंगले, आणि मग ते हात, ज्यांनी कातडी चुलीत घातली होती. हातांपाशी ती खूप वेळ थांबली. मला वाटलं, आता मारते. पण तिच्या घशात ते घुमणं सुरू झालं. तिने मायचा हात चाटला. माय भांडं लावून धार काढू लागली. ओरडणं थांबवलं की धार थांबायची, म्हणून ती ओरडत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून करडाचा आवाज येत होता आणि भांड्यात दूध पडत होतं.

माझ्या मांडीवर भाऊ हलला. त्याने डोळे उघडले आणि दाराकडे नाही, काळीकडे नाही, त्या आवाजाकडे मान वळवली.

माय दूध घेऊन आली. त्याला मांडीवर घेतलं, कापसाचा बोळा दुधात बुडवला आणि म्हणाली, "घे रे माह्या राजा." त्याने तोंड फिरवलं. बोळा ओठाला लावला तर ओठ घट्ट मिटले. मायने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. मग आम्हा सगळ्यांदेखत ती वाकली आणि त्याच्या कानाशी पुन्हा तसाच आवाज काढला. तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला, आणि हसला.